झाड मे महिन्यात निवडा, जुलैत लावा

नर्सरीत गर्दी होते ती जुलैत. दोन-तीन चांगल्या सरी पडून गेलेल्या असतात, पिशवीतलं प्रत्येक रोप टवटवीत दिसतं, आणि गाडीच्या डिकीत मावतील तेवढी रोपं घेऊन माणूस घरी येतो. कुठे काय लावायचं याचा विचार त्यानंतर सुरू होतो. रोपं लावायची जुलैतच, पण निवडायची मे महिन्यात. आपल्याकडे झाडाची खरी परीक्षा मे घेतो. पश्चिमेची भिंत रात्री नऊलाही गरम लागते, बोअरचं पाणी खाली गेलेलं असतं, काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या असतात. तुमच्या जागेत काय तगेल आणि सावली नेमकी कुठे हवी आहे, हे त्याच महिन्यात कळतं.

हा लेख पठारावरच्या घरांसाठी आहे. पुणे, सातारा, नाशिक, अहिल्यानगर या पट्ट्यातला दोन ते पाच गुंठ्यांचा प्लॉट, मध्ये घर आणि भोवती उरलेली जागा, असं चित्र डोळ्यांसमोर ठेवा. कोकणात काय बदलतं ते पुढे थोडक्यात येईल.

पहिलं काम: ऊन बघा

मेच्या मध्यात एका सुट्टीच्या दिवशी सकाळी 8, दुपारी 12 आणि 4 वाजता घराभोवती एकेक फेरी मारा आणि सावलीची कड कुठपर्यंत येते ते कागदावर नोंदवा. त्या दिवसांत पुण्या-नाशिकच्या अक्षांशावर सूर्य दुपारी जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे चारही बाजूंना थोडं तरी ऊन मिळतं आणि सगळी जागा उन्हाचीच वाटते. इथे फसायला होतं. डिसेंबरात भरदुपारीही सूर्य दक्षिणेकडे, क्षितिजापासून साधारण 48 अंशांवर असतो. म्हणजे दुपारी 12 वाजता सावलीची लांबी उंचीच्या सुमारे नऊ-दशांश. तुमचं दुमजली घर 22 फूट उंच असेल, तर उत्तरेची 20 फुटांची पट्टी अख्खा हिवाळा सावलीत. तिथे जुलैत लावलेला गुलाब नोव्हेंबरपासून कळ्या धरायचं सोडून देतो आणि मालक खतं घालत बसतात.

हाच हिशोब गच्चीवर सोलर पॅनेल असतील तर उलट बाजूने करायचा. पॅनेलच्या दक्षिणेला लावलेलं झाड पॅनेलपेक्षा जेवढं उंच वाढणार, साधारण तेवढं अंतर दोघांत ठेवा. एका फांदीची सावली पॅनेलवर पडली तरी वीज लक्षणीय कमी होते, आणि तोपर्यंत झाड दहा वर्षांचं झालेलं असतं.

ढोबळमानाने असं धरा. पूर्वेला कोवळं ऊन, म्हणून नाजूक पानांची झाडं तिकडे. पश्चिमेला दुपारी 2 ते 6 चं भाजणारं ऊन, म्हणून तिथे सावलीचं दाट झाड. दक्षिणेला हिवाळ्यात भरपूर ऊन, म्हणून फुलांची झुडपं आणि भाजीचा वाफा. उत्तरेला सावली आणि ओल सहन करणारी मंडळी.

दुसरं काम: माती खणून बघा

वरून लाल माती दिसते म्हणून तुमची माती लाल, असं समजू नका. घर बांधून झाल्यावर कंत्राटदार राडारोडा पसरतो आणि त्यावर दोन ट्रक लाल माती टाकून देतो. प्लॉटच्या तीन-चार कोपऱ्यांत दोन-दोन फूट खणा. विटांचे तुकडे, सिमेंटचे गठ्ठे लागले तर झाडाच्या जागी ते निदान दीड-दोन फुटांपर्यंत काढावेच लागतील. त्यातला चुना माती अल्कधर्मी करतो, आणि पठारावरची काळी माती तर मुळातच चुनखडीची असते.

याचा परिणाम पानावर वाचता येतो. एक्झोरा, अनंत किंवा लिंबाचं शेंड्याकडचं नवं पान हातात घ्या. पान पिवळं, पण शिरा हिरव्यागार, जाळी काढल्यासारख्या. ही लोहाची कमतरता. मातीत लोह असतं, पण चुन्यामुळे मुळांना ते उचलता येत नाही. जुनी, खालची पानं पिवळी पडत असतील तर कारण वेगळं. ते बहुधा नत्र कमी पडल्याचं किंवा पाणी साचल्याचं लक्षण. लोहासाठी लिटरला 5 ग्रॅम फेरस सल्फेट आणि 1 ग्रॅम सायट्रिक ॲसिड मिसळून संध्याकाळी फवारा, किंवा चिलेटेड लोह, म्हणजे अशा मातीतही मुळांना उचलता येणारं लोह, द्या. पण अशा मातीत मुळात एक्झोरा आणि अनंत कुंडीत लावावेत आणि जमिनीत तगर, कुंती लावावी, हे जास्त शहाणपणाचं.

आता निचरा. 1 फूट लांब, रुंद, खोल खड्डा घ्या, पाण्याने भरा, जिरू द्या. लगेच पुन्हा भरा आणि या दुसऱ्या वेळी घड्याळ लावा. पहिल्यांदा पाणी भेगांमधून पळून जातं, त्यावरून काही ठरवू नका. तासाला 1 ते 3 इंच पातळी उतरली तर बहुतेक काहीही लावता येईल. अर्ध्या इंचापेक्षा कमी उतरली तर सोनचाफा, पपई, लिंबू यांचा नाद सोडा किंवा उंचवट्यावर लावा. ही झाडं मुळं कुजून दुसऱ्या पावसाळ्यात जातात. पाणी बघता बघता नाहीसं झालं तर खाली मुरूम आहे. मुरमात मुळं छान उतरतात, पण उन्हाळ्यात पाणी जास्त वेळा द्यावं लागतं.

तिसरं काम: कागदावर वर्तुळं

आलेख कागद घ्या, एक चौकोन म्हणजे एक फूट. घर, कंपाउंड, गेट, पाण्याची जमिनीतली टाकी, सेप्टिक टँक, ड्रेनेजची लाइन, वरून जाणारी विजेची तार, शेजाऱ्याची खिडकी, सगळं काढा. मग झाडं काढायची ती आजच्या रोपाएवढी नव्हे, पूर्ण वाढल्यावरच्या विस्ताराएवढी. पारिजातकाचं वर्तुळ 10 ते 12 फुटांचं, बकुळीचं 20, करंजाचं 25 ते 30, मोठ्या आंब्याचं 35 ते 40. वर्तुळ भिंतीला घासलं तर झाड बदला.

घराच्या भिंतीपासून अंतर: कढीपत्ता, पारिजातक, पांढरा चाफा, आपटा यांना 6 ते 8 फूट, बकुळ, सीता अशोक यांना 10, बहावा, ताम्हण, करंज यांना 15, आंबा, जांभूळ, कडुनिंब यांना 25 ते 30. जमीन काळी असेल तर याच्यात आणखी भर घाला. काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. मोठं झाड मे महिन्यात पायाजवळचं पाणी ओढून घेतं, तिथली माती बाकीच्यापेक्षा जास्त आकसते आणि भिंतीला तिरकी भेग जाते. मूळ भिंत फोडून आत शिरतं अशी समजूत आहे. पठारावर बऱ्याचदा घडतं ते हे, पाण्याचं. सेप्टिक टँक आणि ड्रेनेजच्या चेंबरमध्ये मात्र मुळंच घुसतात. तिथून मोठं झाड 15 फूट तरी लांब हवं. विजेच्या तारेखाली 10-12 फुटांच्या वर जाणारं काही नको, नाहीतर दर पावसाळ्याआधी लाइनमन येऊन शेंडा उडवून जाणार.

तीन गुंठ्यांचं एक उदाहरण करून बघू. प्लॉट साधारण 45 × 72 फूट, लांबी पूर्व-पश्चिम. घर 29 × 40. पूर्वेला 12 फूट मोकळे, पश्चिमेला 20, दक्षिणेला 10, उत्तरेला 6. पश्चिमेच्या 20 × 45 फुटांत दोनच झाडं बसतात: एका कोपऱ्यात बकुळ, भिंत आणि कंपाउंड दोन्हींपासून 10 फूट, दुसऱ्या कोपऱ्यात आम्रपाली हा ठेंगणा आंबा, बकुळीपासून 20-22 फुटांवर. ईशान्य कोपऱ्यात गेटजवळ पारिजातक. दक्षिणेच्या 10 फुटांत झाड नकोच, फार तर कढीपत्ता आणि छाटून 8 फुटांवर ठेवलेला पेरू. बाकी जास्वंद, मोगरा, तगर. उत्तरेच्या 6 फुटांत अडुळसा, सोनटक्का, अळू. एवढंच. तीन मोठी झाडं ऐकायला कमी वाटतात, पण आठ वर्षांनी ती प्लॉट भरून टाकतात. पहिली तीन वर्षं मधली जागा ओकीबोकी दिसेल. तिथे झेंडू, अबोली, कोरांटी, भाजीपाला लावा. मोकळी जागा दिसते म्हणून चौथं झाड लावू नका.

सावलीचं झाड कोणतं

पश्चिमेच्या बाजूला बहावा लावायची फार लोकांची इच्छा असते. एप्रिल-मे मध्ये पिवळे घोस लटकतात, दिसायला त्याच्यासारखं झाड नाही. पण तो त्याच दिवसांत पानं टाकतो. सावली हवी तेव्हा काड्या आणि फुलं. बहावा जरूर लावा, पण रस्त्याच्या बाजूला, नजरेसाठी. भाजणाऱ्या भिंतीसाठी बकुळ, करंज किंवा कडुनिंब. करंज आणि कडुनिंब उन्हाळ्याच्या तोंडाशी थोडे दिवस पानं झाडतात आणि लगेच पालवतात. मे उजाडेपर्यंत छत्री पुन्हा भरलेली. बकुळ वर्षभर हिरवी, घट्ट, पण सावकाश. रोप लावल्यापासून चांगली सावली मिळायला आठ-दहा वर्षं धरा. ज्यांना घाई आहे त्यांनी करंज लावावा. पाणी कमी असलं तरी चालतं, काळ्या मातीतही तक्रार नाही. त्याच्या पानांवर बारीक फोड येतात, ते कोळी-किडीचं काम. झाडाला त्याने फार काही होत नाही, औषध मारू नका.

ताम्हण हे आपलं राज्यफूल. एप्रिल-मे मध्ये जांभळ्या फुलांनी लगडतं. त्याला ओल आवडते, म्हणून मुरमाड उतारावर ते खुरटतं. सांडपाण्याच्या वाटेजवळ किंवा सखल कोपऱ्यात लावलं तर छान होतं. उलट, आपटा कोरड्या, दगडी जागेतही वाढतो, 12-15 फुटांवर थांबतो आणि छोट्या प्लॉटसाठी उत्तम आहे. घेताना पान बघा: आपट्याचं पान लहान, जाड, थोडं खरखरीत; मोठं, मऊ, उंटाच्या पावलासारखं दिसणारं पान म्हणजे कांचन. दसऱ्याला बाजारात या दोघांची जशी अदलाबदल होते तशी नर्सरीतही होते.

त्याहून मोठा घोटाळा अशोकाचा. नर्सरीत नुसतं "अशोक द्या" म्हटलं की उंच, सरळसोट, कडा नागमोडी असलेल्या लांब पानांचं झाड मिळतं. तो खोटा अशोक, काहीजण त्याला आसुपालव म्हणतात. खरा तो सीता अशोक. त्याचं पान संयुक्त असतं, एका देठावर पर्णिकांच्या चार-सहा जोड्या, कडा सपाट. कोवळी पालवी तांबूस आणि मलूल होऊन खाली लोंबते, जणू पाणी मिळालेलं नाही. ती तशीच असते, घाबरून पाणी ओतू नका. सीता अशोकाला दुपारच्या उन्हापासून आडोसा लागतो, म्हणून घराची पूर्व बाजू त्याची.

सोनचाफा घ्यायचा तर कलमच. बियांपासून केलेलं रोप फुलायला आठ-दहा वर्षं घेतं आणि साठ फुटांवर जातं. कलम एक-दोन वर्षांत फुलतं आणि छाटून 10-12 फुटांत ठेवता येतं. निचरा मात्र उत्तम हवा. काळ्या मातीत उंचवट्याशिवाय लावूच नका. पांढरा चाफा याच्या अगदी उलट स्वभावाचा: पाणी विसरलात तरी राहतो, हिवाळ्यात निष्पर्ण होतो, मेल्यासारखा दिसतो, मग फुटतो.

पारिजातकाखाली फरशी नको, माती किंवा बारीक खडी हवी. पहाटे पडलेली फुलं फरशीवर पायाखाली चिकटतात आणि केशरी डाग पडतात. गाडी उभी करण्याच्या जागेवर जांभूळ नको हे वेगळं सांगायला नको. गच्चीला लागून गुलमोहर किंवा चिंचेसारखं बारीक पर्णिकांचं झाडही नको. त्या पर्णिका जाळीतून जातात आणि पावसाळी पाइप तुंबवतात.

फळझाडं: हौस आणि जागा

छोट्या जागेत आंबा हवा असेल तर आम्रपाली. दशेरी आणि नीलम यांच्या संकरातून आलेली ही जात ठेंगणी राहते. थोडी जास्त जागा असेल तर केसर; पठारावर तो हापूसपेक्षा भरवशाचा. हापूसची गोडी कोकणातल्या हवेची आणि जांभ्याची आहे, पुण्यात लावून तीच चव येईल अशी आशा ठेवू नका. पेरू सरदार लावा, म्हणजेच लखनौ-49. नावात लखनौ असलं तरी ही जात पुण्याच्या गणेशखिंड फळसंशोधन केंद्रात निवडलेली आहे. लिंबू साई शरबती, राहुरी कृषी विद्यापीठाची. चिकू कालीपत्ती, खिरणीच्या खुंटावर केलेलं कलम. सीताफळाला पाणी कमी लागतं आणि शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत, कुंपण नसलेल्या प्लॉटवर ही मोठी गोष्ट.

शेवगा घराच्या भिंतीजवळ टाळा. पावसाळ्यात त्याच्या खोडावर केसाळ अळ्यांचे थवे बसतात आणि तिथून भिंतीवर, खिडकीत येतात. अंगाला लागल्या तर प्रचंड खाज. लावायचाच तर कंपाउंडच्या टोकाला, आणि दरवर्षी शेंगा संपल्या की तीन फुटांवर छाटा. फांदी ठिसूळ असते, चढू नका आणि मुलांना चढू देऊ नका. नारळाखाली ना गाडी, ना बसायची जागा.

लिंबू किंवा कढीपत्ता असला की पानं कुरतडणाऱ्या अळ्या येणार. लहानपणी त्या पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात, मोठ्या झाल्या की हिरव्यागार. ही फुलपाखरांची पिल्लं आहेत. आपलं राज्य फुलपाखरू ब्लू मॉरमॉनही लिंबाच्या कुळातल्या झाडांवरच अंडी घालतं. मोठ्या झाडाला त्यांचं खाणं सहज झेपतं. फक्त पहिल्या वर्षाच्या दोन फुटी रोपावरून अळ्या उचलून मोठ्या कढीपत्त्यावर नेऊन ठेवा.

झुडपं आणि वेली

कुंपणासाठी लोक जे भराभर वाढतं ते मागतात, आणि मग दर महिन्याला कात्री धरतात. कमी पाण्यात, कमी छाटणीत टिकणारं कुंपण मेंदी किंवा निर्गुडीचं. रोपं 1 ते दीड फुटावर, दोन ओळींत एकाआड एक. कुत्री-गुरं रोखायची तर करवंद, काटे आहेतच आणि वर करवंदं. घराच्या जवळ दिसायला छान, छाटणी सोसणारं आणि सुवासिक हवं तर कुंती, अडीच-तीन फुटांवर.

तगर थोड्या सावलीतही बाराही महिने फुलते, नवशिक्याचं पहिलं झुडूप म्हणून तिच्याइतकं बिनत्रासाचं काही नाही. जास्वंदीला पूर्ण ऊन लागतं आणि तिच्यावर पिठ्या ढेकूण हमखास येतो. कोवळ्या शेंड्यावर कापसासारखे पुंजके दिसले की ती फांदी कापून जाळा, पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने झाड धुवा, आणि खोडावर मुंग्यांची रांग आहे का बघा. मुंग्याच ढेकणांना या फांदीवरून त्या फांदीवर नेतात. मुंग्या थांबवल्या की निम्मं काम होतं. मोगऱ्याला निदान पाच-सहा तास ऊन हवं. डिसेंबरअखेर पाणी तोडा, जानेवारीत छाटा, मग शेणखत आणि पाणी सुरू करा, मार्चपासून कळ्या. सावलीतला मोगरा नुसती पानं देतो. रातराणी झोपायच्या खोलीच्या खिडकीशी लावू नका, तो वास रात्रभर सोसत नाही.

धुणंभांड्याचं पाणी जिथे जातं तिथे कर्दळ, केळ, अळू लावा. साबणाचं पाणी ती पचवतात, जागा ओली राहत नाही, डास कमी होतात.

वेली लावताना आधाराचा विचार आधी. मधुमालती पाच वर्षांत एवढी जड होते की बांबूचा मांडव तिच्यासकट खाली येतो. तिला लोखंडी कमानच हवी. जाई, जुई, सायली हलक्या, त्यांना जाळी पुरते. बोगनवेलीला कडक ऊन आणि कमी पाणी. जास्त लाड केले की पानंच पानं. लॉनचं काय, तर हिशोब करा: उन्हाळ्यात रोज 5 मिलिमीटर पाणी म्हटलं तरी 1000 चौरस फुटांना साडेचारशे लिटरच्या वर लागतं. टँकर मागवणाऱ्या वसाहतीत हे पटण्यासारखं नाही. बसण्यापुरता 100-150 चौरस फुटांचा तुकडा करा आणि बाकी जागेत खडी, पायवाट, झुडपं.

काय लावू नये, आणि का

वड, पिंपळ, उंबर ही मोठ्या मोकळ्या जागेची झाडं आहेत. भिंतीच्या फटीत आपोआप उगवलेलं रोप चार पानांचं असतानाच काढा. पीतमोहर, गुलमोहर, रेन ट्री यांच्या फांद्या वळवाच्या वाऱ्यात मोडतात. सुबाभूळ एकदा आली की बियांनी सगळीकडे पसरते. सप्तपर्णी फुलते तेव्हा तिचा उग्र वास अनेकांना सहन होत नाही. कोनोकार्पस हिरवी भिंत पटकन उभी करतो म्हणून विकला जातो. गुजरात सरकारने 2023 मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. घरात लहान मुलं असतील तर कण्हेर आणि बिट्टी, म्हणजे पिवळी कण्हेर, नको. दोन्हींचे सर्व भाग विषारी आहेत आणि बिट्टीचं फळ मुलांना खेळायला घ्यावंसं वाटतं.

चूक नंतर दुरुस्त करू, असं म्हणता येत नाही. शहरी भागात 1975 च्या झाडांच्या संरक्षण व जतन अधिनियमाप्रमाणे स्वतःच्या आवारातलं झाड तोडायलाही वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. 2021 च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्षाचं संरक्षण आहे. म्हणून अंतर चुकवलेलं झाड म्हणजे पुढच्या पिढीला अर्ज-विनंत्या.

नर्सरीत काय बघायचं

उंच रोपाच्या मोहात पडू नका. तीन-चार फुटांचं, वर्ष-दीड वर्षाचं रोप जमिनीत लवकर बसतं आणि बरेचदा चार वर्षांत दहा फुटी झाडाला मागे टाकतं. खोड काठीच्या आधाराशिवाय उभं राहतं का ते सुतळी सोडून बघा. पिशवीच्या तळातून बोटाएवढं मूळ जमिनीत गेलेलं असेल, तर ते तुटल्यावर रोप मान टाकणार. मालकाला विचारून एका रोपाची पिशवी थोडी खाली सरकवा. पांढरी, बारीक मुळं कडेला दिसली तर उत्तम. तपकिरी, जाड मुळं चटईसारखी गोल गोल गुंडाळलेली असतील तर रोप पिशवीत फार दिवस राहिलंय. तसं लावलं तर ती मुळं गोलच वाढत राहतात, खोडालाच फास बसतो, आणि सहा-सात वर्षांचं झाड एका वादळात मुळासकट आडवं होतं.

कलम असेल तर सांधा शोधा. सांध्याच्या खाली आणि वर सालीचा पोत वेगळा दिसतो. सांधा मातीच्या पातळीपासून निदान सहा इंच वर हवा, आणि त्यावरची प्लास्टिकची पट्टी कापलेली हवी, नाहीतर ती पुढे खोडात रुतते. खालच्या खुंटातून आलेला फुटवा दिसला तर तिथेच खुडा. घरी आल्यावरही दर महिन्याला बघा. बरीच "हापूसची" झाडं मालकाच्या नकळत रायवळ झालेली असतात ती या फुटव्यामुळे.

खड्डा आणि लावणी

1. मे महिन्यात खड्डे घ्या: मोठ्या झाडाला 3 × 3 × 3 फूट, लहान झाडाला 2 × 2 × 2, झुडपाला दीड × दीड. वरची एक फूट माती वेगळी ठेवा. पंधरा-वीस दिवस ऊन खाऊ द्या.

2. काळ्या मातीत खोल खड्डा घेऊन त्यात लाल माती भरू नका. भोवतीची माती पाणी जाऊ देत नाही, भरलेली माती पाणी शोषते, आणि पावसाळ्यात तुमचा खड्डा म्हणजे हौद होतो. त्याऐवजी फूटभरच खणा, कडा कुदळीने खरवडा, आणि वर एक ते दीड फूट उंच, चार-पाच फूट रुंद उंचवटा करून त्यावर रोप लावा.

3. भरायला वरची माती दोन भाग, पूर्ण कुजलेलं शेणखत एक भाग, मोठ्या खड्ड्याला अर्धा किलो निंबोळी पेंड. शेणखत हातात घेऊन बघा. वास यायला नको, गरम लागायला नको, आणि त्यात इंग्रजी सी आकाराच्या पांढऱ्या अळ्या नकोत. ती हुमणी, कच्च्या खताबरोबर येते आणि रोपाची मुळं खाते.

4. खड्डा भरून पायाने हलकेच दाबा आणि दोन-तीन पाऊस होऊ द्या. माती बसली की जूनअखेर ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत लावणी करा, शक्यतो ढगाळ संध्याकाळी.

5. पिशवी ब्लेडने कापून काढा, मातीचा गोळा फुटू देऊ नका. गोल गुंडाळलेली मुळं असतील तर गोळ्याला तीन-चार ठिकाणी वरून खाली, इंचभर खोल चिरा द्या.

6. पिशवीत माती खोडाच्या जिथपर्यंत होती तिथपर्यंतच येऊ द्या, किंवा मातीचा गोळा इंचभर वरच ठेवा. खोल लावलेल्या रोपाची साल मातीत कुजते. सर्वात जास्त रोपं यानेच मरतात, आणि दोष पाण्याला दिला जातो.

7. काठी गोळ्याच्या बाहेर ठोका, सुतळी आठाच्या आकारात सैल बांधा आणि वर्षाने सोडा.

कोकणात हे थोडं वेगळं. जांभ्यात पहारीने खड्डा घ्यावा लागतो, निचऱ्याची काळजी नाही, माती आम्लधर्मी असल्याने एक्झोरा, अनंत, सोनचाफा खुशीत वाढतात. तिथे बकुळीच्या जोडीला सुरंगी, उंडी, रातांबा लावावा. पण इतका पाऊस पडूनही जांभ्यातलं पाणी डिसेंबरपर्यंत निघून जातं, त्यामुळे उन्हाळ्याचं पाणी आणि आच्छादन चुकवता येत नाही.

तीन उन्हाळे

देशी झाडाला तीन उन्हाळे सांभाळलं की पुढे ते आपलं आपण बघतं. पहिल्या वर्षी ऑक्टोबरपासून चार-पाच दिवसांनी 10 ते 15 लिटर, मार्च ते मे दोन-तीन दिवसांनी. दुसऱ्या उन्हाळ्यात आठवड्याला 30 ते 40 लिटर एकदम. तिसऱ्यात दहा-बारा दिवसांनी. रोज तांब्याभर पाणी घातलं तर मुळं वरच्या चार इंचांतच राहतात आणि चार दिवस गावाला गेलात की झाड वाळतं. आळं दर पावसाळ्यानंतर मोठं करा, फांद्यांची टोकं जिथे संपतात तिथपर्यंत. पाणी पिणारी बारीक मुळं तिथे असतात, खोडाशी नव्हे. ठिबक असेल तर तासाला 4 लिटरची दोन ड्रिपर खोडाच्या दोन बाजूंना फूटभर अंतरावर, आणि दरवर्षी ती बाहेर सरकवायची.

आळ्यात वाळलेल्या पानांचा तीन इंचांचा थर ठेवा, खोडाभोवती चार बोटं जागा मोकळी सोडून. खोडाला टेकलेल्या ओल्या पानांखाली वाळवी येते. स्वतःच्या बागेतली पानं जाळू नका, तीच वापरा. आणि पाणी द्यायचं की नाही हे वरून बघून ठरवू नका. आच्छादन बाजूला सारा, बोट दोन पेरं आत घाला. माती गार लागली आणि बोटाला चिकटली, तर आज पाणी नको.